गेले ते आणायला जाऊ नका

(रात्रीच्या साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



गेल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर आपल्यापैकी एक जण मागे रेंगाळले. त्यांचे नाव मी सांगणार नाही. पाटी काखेत धरून ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, जुगारात माणूस हरतो तो डोकं फिरतं म्हणून. मन ताब्यात ठेवून खेळलं, तर गेलेलं परत मिळेल का हो?"

मी म्हटले, "पुढच्या आठवड्यात सांगतो." उत्तर येत नव्हते असे नाही. पण त्या उत्तरात माझी स्वतःची एक गोष्ट आहे. ती मी चाळीस वर्षांत चारचौघांत कधी सांगितलेली नाही. घरी गेलो आणि पत्नीला विचारले, "सांगू का?" ती म्हणाली, "सांगा. पण अर्धी सांगू नका. सगळी सांगा."

म्हणून आज सगळी सांगतो.

माझी गोष्ट

साल होते १९८४. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. जुनी मॅट्रिक झालेला, नवा मास्तर. दुसऱ्या एका गावी नोकरीला होतो. पगार महिना ७२० रुपये. नुकतेच लग्न झाले होते.

पोळ्याचा सण आला. बैल सजले. पोळा फुटला. घरोघर पुरणपोळी झाली. मग एका गोठ्यात पत्त्यांचा फड बसला. कोणी म्हणाले, "गुरुजी, सणाचा दिवस आहे. दोन डाव बसा." मी बसलो. तीन पत्ती चालली होती. तासाभरात मी ६० रुपये जिंकलो.

लोक म्हणतात, हरण्याने माणूस बुडतो. माझे बुडणे त्या जिंकलेल्या ६० रुपयांपासून सुरू झाले. महिनाभर खडू झिजवावा तेव्हा ७२० रुपये हाती येत. इथे तासाभरात ६०! मला वाटले, ही विद्या आपल्याला येते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. ते ६० गेले. वर घरचे ९० गेले. मग ते ९० परत मिळवायला जाऊ लागलो. हाती रोख नव्हती, म्हणून फडातल्याच एकाकडून उसने घेतले. बघता बघता उसने झाले १५०.

पगाराचा दिवस आला. संध्याकाळी मी उसने फेडायला त्या गोठ्यात गेलो. खरेच, फेडायलाच गेलो होतो. १५० रुपये मोजून दिले. हातात ५७० राहिले. पैसे घेणारा हसला आणि म्हणाला, "गुरुजी, आता घरी जा. हा खेळ पाटीवरचा नव्हे." सगळे हसले.

माझे कान तापले. मी खाली बसलो. मध्यरात्रीपर्यंत ५७० रुपये गेले.

आता पुढचे ऐका. सदऱ्याच्या आतल्या खिशात, रुमालात बांधलेले आणखी ५५ रुपये होते. ते माझे नव्हते. चौथीची अकरा मुले शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार होती. प्रत्येकाने पाच रुपये फी आणून दिली होती. कोणाच्या आईने निंदणाच्या मजुरीतून दिली होती, कोणाच्या आजीने अंडी विकून दिली होती. ते पैसे मला दुसऱ्या दिवशी तालुक्याला भरायचे होते.

मी रुमालाची गाठ सोडली. एका डावात तेही गेले.

त्या घडीला माझ्या मनात काय होते? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला श्रीमंत व्हायचे नव्हते. मला फक्त हरल्याची लाज पुसायची होती. घरी जाताना "काही झालेच नाही" असे म्हणता यावे, एवढेच हवे होते. त्यासाठी मी पोरांची फी लावली.

रात्री एकच्या सुमारास घरी निघालो. वाटेत विहीर लागते. तिच्या काठावर मी थोडा वेळ उभा होतो. एवढे सांगितले म्हणजे तुम्ही समजाल.

पत्नी जागीच होती. मी तिला सगळे सांगितले. ती रडली. मग उठली आणि फडताळातून एक डबा काढला. शेळीचे दूध विकून साठवलेले पैसे त्यात होते. त्यातले ५५ रुपये मोजून तिने माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, "अहो, हे पोरांचे. सकाळी भरून या. बाकीचे गेले ते गेले. ते आणायला परत तिथं जाऊ नका."

मी मॅट्रिक, ती चौथी शिकलेली. पण जी गोष्ट मला कळायला हवी होती, ती तिला कळली होती.

धर्मराजाचे काय झाले

आता आपल्या मित्राचा प्रश्न घेऊ. मन ताब्यात ठेवून खेळले तर?

महाभारतातली द्यूताची गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली आहे. शकुनी फासे टाकीत गेला. धर्मराज धन हरला, राज्य हरला, भावांना हरला, स्वतःला हरला. शेवटी त्याने द्रौपदीला पणाला लावले. इथपर्यंत सगळ्यांना आठवते. पुढचे मात्र आपण विसरतो.

पुढे धृतराष्ट्राने द्रौपदीला वर दिले आणि पांडवांचे सगळे परत केले. राज्य मिळाले, धन मिळाले, मान मिळाला. पांडव आपल्या घरी निघालेसुद्धा. तेवढ्यात मागून बोलावणे आले, "आणखी एक डाव खेळू या." आणि धर्मराज परत गेला! त्या एका डावाने बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास पदरात पडला.

मंडळी, धर्मराज तापट नव्हता. दारू प्यालेला नव्हता. मन ताब्यात ठेवण्याबद्दल ज्याचे नाव घ्यावे असा तो पुरुष. त्याचीही ही गत झाली. मग तुमचीआमची काय कथा?

आता पाटी घ्या

मन शांत असले म्हणून हिशेब बदलत नाही. तो हिशेब आज आपण पाटीवर मांडून पाहू.

आधी मटक्याचा हिशेब. आपण कापूस पिकवणारी माणसे. या मटक्याचे मूळ कापसातच आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला भाव तारेने मुंबईला येई. बाजार उघडतानाचा एक भाव आणि बंद होतानाचा एक भाव. त्या आकड्यांवर मुंबईत लोक पैसे लावीत. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले. मग १९६२ साली कल्याणजी भगत याने वरळीत मटका सुरू केला. १९६४ साली रतन खत्री याने आपला वेगळा मटका काढला. मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढीत, म्हणून नाव पडले मटका. पुढे मडके गेले आणि पत्ते आले. गिरणीत राबणाऱ्या कामगारांचा घामाचा पैसा त्यात गेला. मग ते लोण खेडोपाडी पोचले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मात्र कापसाच्या बाजारातले राहून गेले.

म्हणजे कापूस गेला आणि नुसते आकडे उरले. कापूस पेरला तर बोंड तरी लागते. आकडा पेरून काय उगवणार?

तीन पत्ते काढतात. समजा २, ५ आणि ८ निघाले. बेरीज १५. शेवटचा आकडा ५. तो झाला त्या वेळचा आकडा. असे आकडे एकंदर किती? शून्यापासून नऊपर्यंत दहा. तुम्ही एका आकड्यावर १ रुपया लावला आणि तो लागला, तर बहुतेक ठिकाणी ९ रुपये हाती येतात.

आता लिहा. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला. गेले किती? १०. एक आकडा लागणारच. आले किती? ९. तोटा १ रुपया. सगळेच आकडे लावले तरी रुपया जातो!

जोडीचेही तसेच. शून्य शून्यापासून नव्याण्णवपर्यंत जोड्या शंभर. लागली तर रुपयाला ९० च्या आसपास देतात. शंभरातले दहा आकडा घेणाऱ्याच्या घरी. जिंकणाऱ्याला तो आपल्या पदरचे देत नाही. तुमच्या शेजाऱ्याचे गेलेले असतात, त्यातलेच तो तुम्हाला देतो.

आता पत्त्यांचा हिशेब. पाच जण प्रत्येकी १०० रुपये घेऊन बसले. फडात आले ५०० रुपये. अड्डेवाला डावामागे आपला वाटा काढतो. त्याला नाल म्हणतात. समजा तासाला २० रुपये नाल निघाली. पाच तासांत किती? १००. फडात उरले ४००. म्हणजे पाच जण मिळून १०० रुपये हरलेच. कोणी रागाने खेळला, कोणी शांतपणे खेळला. नालवाल्याला त्याचे काय?

मन आपल्याला कसे फसवते

हिशेब इतका सोपा आहे, तरी माणूस का खेळतो? कारण मन आपल्याला फसवते. ते तीन तऱ्हांनी फसवते.

पहिली तऱ्हा. "सात हा आकडा आठ दिवस आला नाही. आज येणारच." असे म्हणणारे आपल्या गावात आहेत. एक रुपया वर उडवा. पाच वेळा छापा पडला. सहाव्या वेळी काटा पडेलच का? नाही. छापा आणि काटा दोघांनाही तेवढीच संधी. नाण्याला मागची आठवण नसते. पत्त्यालाही नसते. आठवण ठेवतो तो आपण, आणि फसतो तोही आपणच.

दुसरी तऱ्हा. "थोडक्यात हुकलं." सातवर पैसे लावले आणि सहा आला. माणसाला वाटते, आपण जवळ पोचलो होतो. अहो, जवळ कसले? सहा आला काय आणि एक आला काय, पैसे गेलेच. गाडी एका मिनिटाने चुकली काय आणि तासाने चुकली काय, मुक्काम फलाटावरच. पण हे "थोडक्यात हुकलं" माणसाला सरळ हरण्यापेक्षा जास्त ओढते.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत वाईट. "हरलो तर दुप्पट लावू. एकदा जिंकलो की सगळे वसूल." हे पाटीवर मांडा. छापा-काट्यावर १० रुपये लावले. हरलो. मग २०, ४०, ८०, १६०, ३२०. सहा वेळा हरलो. बेरीज करा. ६३०. आता सातव्या वेळी किती लावायचे? ६४०. म्हणजे एकूण खिशातून निघाले १,२७०. आणि सातव्या वेळी जिंकलो तर हाती येणार १,२८०. नफा किती? दहा रुपये! दहा रुपयांसाठी बाराशे सत्तर रुपये पणाला लावले. आणि सातव्यांदाही हरलो तर? घरातले दागिने आणि गोठ्यातली जनावरे मोडावी लागतात ती याच पायरीवर.

या तिन्ही फसवणुकींचे खत म्हणजे हरल्याचा राग आणि हरल्याची लाज. कान तापतात. घसा कोरडा पडतो. हात कापतो. पाने नीट दिसतसुद्धा नाहीत. त्या वेळी माणसाला एकच दिसते, आपले गेलेले पैसे. ते समोरच्याच्या मांडीखाली असतात आणि आपल्याला अजून आपलेच वाटतात. ते आपले राहिलेले नसतात. हे ज्याला त्या घडीला कळले, तो वाचला.

मोबाइलमधला फड

पूर्वी जुगाराला गोठा लागे, चार माणसे लागत. कोणी तरी पाहत असे. बायको शोधत येत असे. आता फड मोबाइलमध्ये भरतो. पोरगा पांघरूण घेऊन झोपलेला दिसतो आणि आत रमी, क्रिकेटच्या पैजा नाही तर रंगांचा खेळ चाललेला असतो. नोट हातातून जाताना दिसत नाही, त्यामुळे दुखतही नाही. बोट लावले की हजार गेले. सुरुवातीला थोडे जिंकायला मिळते. माझ्या त्या ६० रुपयांसारखे, बरं का.

जुगाराविरुद्ध आपल्याकडे १८८७ सालापासून कायदा आहे. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायदा चांगला आहे. पण चोरून चालवणारे असतातच. आणि कायदा दाराशी उभा राहील, तो आपल्या मनात कसा शिरेल? तिथे आपल्यालाच उभे राहावे लागते.

मग मन ताब्यात ठेवणे म्हणजे काय

आपल्या मित्राला माझे उत्तर असे. मन ताब्यात ठेवून जुगार जिंकता येत नाही. मन ताब्यात ठेवून जुगारातून उठता येते. त्याचा उपयोग एवढाच, पण तो लाखमोलाचा आहे. त्याचे पाच नेम सांगतो. ते मी पुस्तकातून घेतले नाहीत. ठेच लागली तेव्हा शिकलो.

एक. हरल्याबरोबर उठा. 'शेवटचा एक डाव' हे शब्द मनात आले की तीच उठायची घंटा समजा. कोणी हसले तर हसू द्या. बाहेर या. गार पाणी प्या. चालत घरी जा. चालताना डोके निवते.

दोन. त्या रात्री पैशाचा कोणताही निर्णय घेऊ नका. कोणाकडून उसने नको, काही विकणे नको, गहाण नको. सावकार महिना शेकडा पाचने देतो. ऐकायला थोडे वाटते. पण शंभराला वर्षाचे साठ होतात. हजार घेतले तर सहाशे नुसते व्याज. २०१४ च्या कायद्याने सावकाराला परवाना लागतो. विनापरवाना सावकार तर दाराशीसुद्धा नको.

तीन. त्याच रात्री घरच्या एका माणसाला सांगा. खरा आकडा सांगा. आठशे गेले तर दोनशे सांगू नका. लपवले म्हणजे उरलेले सहाशे भरून काढायला माणूस पुन्हा अड्ड्यावर जातो. मी माझ्या पत्नीला त्या रात्री सांगितले नसते, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो असतो, किंवा त्याहून वाईट केले असते.

चार. लिहून ठेवा. तुम्ही आता लिहायला शिकलात. वहीचे एक पान घ्या. किती गेले, कोणाचे गेले, कोणाचे देणे आहे, किती फेडले. मी दुसऱ्या दिवशी लिहिले होते. ९०, १५०, ५७० आणि ५५. बेरीज ८६५. महिन्याच्या पगाराहून जास्त! डोक्यात होता तेव्हा तो आकडा भूत होऊन नाचत होता. कागदावर उतरला तेव्हा ते एक देणे झाले. देणे फेडता येते.

पाच. जे जुगारात गेले ते कामातून भरा, जुगारातून नाही. मी दर रविवारी एका किराणा दुकानदाराच्या खातेवह्या लिहू लागलो. तो महिना ६० रुपये देई. सगळे पैसे पत्नीच्या हाती देत असे. चौदा महिन्यांत ८४० झाले. पंधराव्या महिन्यात राहिलेले २५ फिटले. त्या दिवशी तिने त्या पानावर आडवी रेघ मारली. एका महिन्यात घालवले ते भरायला पंधरा महिने लागले. पण भरले. आणि त्या ६० रुपयांनी माझी झोप कधी उडवली नाही.

घरच्या माणसांसाठी

आता माझ्या भगिनींना दोन शब्द. ज्या घरी हा रोग शिरला असेल, त्या घरी भांडण होणारच. पण हरून आलेल्या माणसाला त्या रात्री घराबाहेर काढू नका. बोलायचे ते सकाळी बोला. दुसरे, त्याचे देणे गुपचूप फेडून त्याला मोकळे करू नका. त्याने पुन्हा जायचे बळ येते. वही त्याच्याच हाताने लिहून घ्या. तिसरे, पिकाचा चुकारा असो की मजुरी असो, पैसा काही दिवस तुमच्या हाती राहू द्या. बँकेचे पासबुक आता तुम्हालाही वाचता येते. दर महिन्याला उघडून बघा.

आणि एक लक्षात ठेवा. काही माणसांना कितीही कळले तरी हात आवरत नाही. ते नालायक नसतात. जुगाराचे व्यसन हा आजार आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही मानले आहे. तापाला डॉक्टर, तसा याला मनाचा डॉक्टर असतो. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. सरकारचा 'टेलि-मानस' नावाचा फोन २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक लिहून घ्या: १४४१६. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते. रात्रीसुद्धा कोणी तरी फोन उचलते. मी विहिरीच्या काठावर उभा होतो तेव्हा असा फोन नव्हता. आज आहे. जीव नको वाटला तर आधी घरी हाक मारा, नाही तर तो क्रमांक फिरवा. पैसे पंधरा महिन्यांत परत आले. मी गेलो असतो तर परत आलो नसतो.

शेवटचे

त्या अकरा मुलांची फी दुसऱ्या दिवशी वेळेवर भरली गेली. त्यांतल्या दोघांना शिष्यवृत्ती मिळाली. त्यांपैकी एक आज स्वतः शिक्षक आहे. कधी भेटला की भर रस्त्यात वाकून पाया पडतो. लोक कौतुकाने बघतात. मला मात्र दर वेळी ती रुमालाची गाठ आठवते. त्याला हे माहीत नव्हते. हे भाषण छापून आले की त्याला पहिली प्रत मीच नेऊन देणार आहे.

ज्या मित्राने प्रश्न विचारला, त्यांना एवढेच सांगतो. भाऊ, तुमचे किती गेले ते मला माहीत नाही. उद्या वही घेऊन घरी या. चहा घेऊ. पहिली ओळ तुम्ही लिहा, बेरीज आपण दोघे मिळून करू. पण आज रात्री इथून निघालात की सरळ घरी जा. वाटेत तो गोठा लागेल. आत दिवा असेल. आपले पैसे आत आहेत असे वाटेल.

गेले ते गेले. ते आणायला जाऊ नका.